पाण्यातले धाकूशेठ

पायल जेवत नव्हती असं म्हटलं तर पायलवर अन्याय होईल. ती जेवायची. फक्त तिचं तोंड उघडायला मोबाइल लागायचा. पडद्यावर एक निळा हत्ती नाचायला लागला की तोंड आपोआप उघडायचं, घास आत जायचा. हत्ती थांबला की घासही गालात थांबायचा. नेट गेलं तर बघायलाच नको. जेमतेम अडीच वर्षांची ही मुलगी एका गालात वरणभात धरून, उपोषणाला बसलेल्या पुढाऱ्यासारखी शांतपणे भिंतीकडे बघत राहायची. एकदा रेंज मिळावी म्हणून तिच्या आईने, म्हणजे रसिकाने, खिडकीच्या गजांतून मोबाइल बाहेर धरला आणि पायलने आतून बघत आख्खी पोळी संपवली. समोरच्या बिल्डिंगमधल्या एका आजोबांना वाटलं, ही बाई आपलंच शूटिंग करतेय. ते आत गेले, शर्ट घालून, केस विंचरून आले आणि परत गॅलरीत उभे राहिले.

रसिकाला हे सगळं फार लागायचं. जगातल्या इतर सगळ्या आया मुलांना चांदोबा दाखवून जेवू घालतात आणि आपण तेवढ्या हत्ती दाखवतो, अशी तिची समजूत होती. इतर आयांचीही स्वतःबद्दल हीच समजूत होती, पण ते तिला कोणी सांगितलं नव्हतं.

तर झालं असं, की मे महिन्यात ती पायलला घेऊन आंबिवलीला मावशीकडे गेली. मावशीच्या परसात झाडांना पाणी घालायची सिमेंटची एक जुनी टाकी आहे, आणि तिच्यात कधीकाळी सोडलेल्या माशांची नातवंडं-पतवंडं नांदतात. पायल टाकीच्या काठावर बसली, पाण्यात बघत राहिली, आणि मावशीने सहज म्हणून वाटीभर मऊ भात तिच्या तोंडात कधी घातला ते कोणालाच कळलं नाही. वाटी रिकामी. मोबाइल पर्समध्ये. रसिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. मावशीला वाटलं, हिला मिरचीचा ठेचा लागला.

परत येताना रिक्षातच निर्णय झाला. आपल्याकडे तळं करायचं.

"करूया की," घरी आल्यावर सुदेश म्हणाला. सुदेश तिचा नवरा. ठाण्याच्या एका ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचं काम करून आल्यामुळे घरी तो कशालाही नाही म्हणत नसे. 'करूया की' याचा त्याच्या भाषेत अर्थ 'तू विसरशीलच' असा होता, हे रसिकाला ठाऊक होतं. म्हणून तिने परतीचा दोरच कापला. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, 'आजपासून आमच्याकडे जेवताना मोबाइल बंद. लवकरच पायलसाठी मागच्या अंगणात छोटंसं तळं!' खाली हात जोडल्याची चित्रं. त्यावर अंगठ्यांचा पाऊस पडला. पण वरच्या मजल्यावरच्या कलावतीकाकूंचं अंगठ्याने भागत नसे. त्या दिवसापासून रोज दुपारी आणि रोज रात्री गॅलरीतून त्यांचा आवाज यायला लागला, "रसिका, जेवली का गं?" आणि खाली रसिका एका हातात वाटी आणि दुसऱ्या हातात पायलचं तोंड धरून ओरडायची, "होतंय, काकू!"

आता माघार नव्हती. अब्रूचा प्रश्न होता. अडीच वर्षांच्या मुलीच्या गालात अडकलेली अब्रू.

*

अंगण म्हणजे काय, तर डोंबिवलीत तळमजल्याचा फ्लॅट घेतला की मागच्या भिंतीपासून कंपाउंडपर्यंत जी चटईभर जागा बिल्डर 'गार्डन' म्हणून खपवतो ती. रसिकाच्या गार्डनमध्ये मुख्य पीक वरच्या मजल्यांवरून यायचं. कपड्यांचे चिमटे, लसणाची सालं, एखादा बनियन. बाकी एक तुळस, एक कढीपत्ता.

रविवारी सुदेशने शेजारून कुदळ आणली आणि पहिला घाव घातला. दुसरा घाव घालेपर्यंत खिडक्या उघडल्या. डोंबिवलीत माणूस खड्डा बघितल्याशिवाय पुढे जाऊ शकत नाही. आणि हा तर महापालिकेने न खणलेला खड्डा होता, त्याचं अप्रूप वेगळंच.

"ईशान्येला घे रे सुदेश, पाणी ईशान्येलाच हवं," कलावतीकाकू वरून म्हणाल्या.

"काकू, ईशान्येला गटाराचं चेंबर आहे."

"मग चेंबर हलव."

तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी खोली वाढवायला सांगितलं, दुसऱ्यावरून कोणीतरी एवढी खोली मुलीला धोक्याची आहे म्हणाले. ते मात्र खरं होतं. म्हणून रसिकाने ठरवलं, पायलच्या गुडघ्यापेक्षा खोल नाही, वर मजबूत जाळी, आणि मोठं माणूस सोबत नसेल तर मागच्या दाराला वरची कडी. सासूबाई, मंजुळाबाई, दारात खुर्ची टाकून हे सगळं बघत होत्या. त्या संगमेश्वरकडच्या. खड्डा बघून म्हणाल्या, "एवढ्यात आमच्याकडे म्हैससुद्धा बसायची नाही." आणि परत तांदूळ निवडायला लागल्या.

खड्डा झाला. मग असं लक्षात आलं, की खड्डा केला की बाहेर माती येते. हे ऐकायला सोपं वाटतं, पण आलेल्या मातीचं पुढे काय करायचं याचा विचार त्या घरात कोणीच केला नव्हता. गोण्या भरल्या. सकाळी कचऱ्याची गाडी आली तेव्हा रसिका गोणी ओढत घेऊन गेली.

"ओला का सुका?" गाडीवाल्याने विचारलं.

"माती आहे."

"ते दिसतंय. ओला का सुका?"

रसिकाने विचार केला. "सुका."

"सुक्यात प्लास्टिक, कागद, पुठ्ठा. माती नाय."

"मग ओला धरा."

"ओल्यात भाजीपाला. ताई, माती कचऱ्यातच येत नाय. मातीला माती म्हनतात."

हे सत्य ऐकून रसिकाने गोणीचं तोंड परत बांधलं. गोण्या परत आल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. त्या गोण्यांचं पुढे काय होणार होतं हे तेव्हा कळलं असतं, तर रसिकाने त्या रातोरात खाडीत नेऊन टाकल्या असत्या.

मग ताडपत्री. निळी, नवीकोरी, दुकानदाराने 'लाइफटाइम' म्हणून दिलेली. खड्ड्यात अंथरली, पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी नव्हतं. ताडपत्रीचं आयुष्य एका रात्रीत संपलं होतं. रसिका खड्ड्याच्या काठावर बसून राहिली. आत पायल गालात इडली धरून बसली होती. वरून आवाज आला, "जेवली का गं?"

त्याच संध्याकाळी वळवाचा वारा सुटला, धूळ उडाली, कुठेतरी पत्रा वाजला, आणि आकाशातून धाकूशेठ आले.

म्हणजे त्यांचा बॅनर आला. नाक्यावर लावलेला वाढदिवसाचा फ्लेक्स वाऱ्याने सुटला, कंपाउंडवरून उडाला आणि थेट त्यांच्या अंगणात येऊन पडला. चांगला जाड, मोठा. त्यावर काळा गॉगल, भरघोस मिशा, गळ्यात साखळी, जोडलेले हात आणि ठळक अक्षरं, 'भावी नगरसेवक धाकूशेठ यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'. धाकूशेठ भावी नगरसेवक आहेत हे त्या भागात लहान मुलांनाही माहीत होतं, कारण ती मुलं जन्मली तेव्हापासून ते भावीच होते. कडेने चारी बाजूंना शुभेच्छुकांचे छोटे गोल फोटो.

"हे बघ, याच्यातून थेंब गळायचा नाही," सुदेश फ्लेक्स चाचपत म्हणाला. त्या भागात निम्मी दुनिया जुन्या फ्लेक्सखालीच पावसाळा काढते. स्कूटर, वडापावची गाडी, कोंबड्यांचं खुराडं, सगळं कोणा ना कोणा नेत्याच्या छत्राखाली असतं. तेव्हा कोणाला काही वावगं वाटायचं कारण नव्हतं.

"पण तोंड खाली करून अंथर," रसिका म्हणाली.

"छापील बाजूच वॉटरप्रूफ असते," सुदेश म्हणाला. या विषयातलं त्याचं ज्ञान कुठून आलं होतं देव जाणे. पण वारा होता, अंधारून आलं होतं, आणि नवऱ्याने लग्नानंतर पहिल्यांदाच एखाद्या गोष्टीवर ठाम मत दिलं होतं. रसिकाने फ्लेक्सचं दुसरं टोक धरलं.

सकाळी पाणी जागच्या जागी होतं. आणि तळाशी, पाण्याच्या हलत्या काचेखाली, धाकूशेठ हात जोडून हसत होते. शुभेच्छुक कडेकडेने वर चढले होते. काही पाण्यात, काही अर्धे बाहेर, घाटावर आंघोळीला बसल्यासारखे. काठावर विटा रचल्या होत्या, त्यांच्याखाली एकदोघे गेले असतील. कोण मोजतंय?

पायल बाहेर आली. जाळीतून खाली वाकून बघितलं आणि लांब श्वास घेऊन म्हणाली, "काका बुडाले."

"बुडाले नाहीत गं सोन्या," रसिका म्हणाली, "आंघोळ करतायत."

हे पायलला पटलं. रोजचा आंघोळीचा रडण्याचा कार्यक्रम त्या दिवशी झाला नाही. एवढा मोठा मिशांचा माणूस आंघोळीला रडत नाही, हे तिने पाहिलं होतं.

*

झाडं आणायला रसिका ठाण्याला नर्सरीत गेली आणि बादलीत कमळाचा कंद घेऊन आली. त्याला कमळ म्हणतात की कुमुद यावर बसमध्ये तिच्या शेजारी बसलेल्या बाईंनी टेंभी नाक्यापासून पुढे बराच वेळ व्याख्यान दिलं आणि उतरताना बादलीत पाय घातला. कंद वाचला. चप्पल भिजली. बाईंनी वर विचारलं, "पाणी का ठेवता बादलीत?"

कंदाला पहिलं पान फुटेपर्यंत कलावतीकाकूंना धीर निघेना. "अगं, तळं कसं भरलेलं दिसायला हवं!" असं म्हणून त्यांनी कल्याणच्या खाडीकडून येताना पिशवीतून एक सुंदर जांभळ्या फुलाची वेल आणून सोडली. ती जलपर्णी होती. नदीच्या नदी गिळून बसलेल्या त्या वनस्पतीला रसिकाचं तळं म्हणजे बडीशेप. बघता बघता पाणी दिसेना, धाकूशेठ दिसेनात. पायल रोज विचारायची, "काका कुठे?" आणि काका सापडेपर्यंत तोंड मिटून बसायची. शेवटी रसिका आणि सासूबाई पदर खोचून बसल्या आणि त्यांनी ती सगळी उपटून काढली. ती गाडीवाल्याने आनंदाने घेतली. ओल्यात.

राहिले मासे. पाण्यात डास होऊ नयेत म्हणून गप्पी मासे सोडतात आणि ते वॉर्ड ऑफिसात फुकट मिळतात, असं कोणीसं सांगितलं. रसिका पायलला कडेवर घेऊन तिथे गेली. खिडकीतले साहेब चहा पीत होते.

"मासे मिळतात, मॅडम. पण कुठे पाणी साचलंय तशी तक्रार लागते."

"तक्रार नाही हो, आमचं स्वतःचं तळं आहे."

"म्हणजे पाणी तुम्ही साचवलंय?" साहेबांनी कप खाली ठेवला. "मग कारवाई करावी लागेल."

"पण तुमच्याकडे मासे आहेत ना? ते सोडले की डास होणार नाहीत."

"मासे सोडायला तक्रार लागते. तक्रार तुमच्याविरुद्ध लागते. तुमच्याविरुद्ध तुम्हीच कशी करणार?" साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी आवाज खाली आणला. "कोणी शेजारी नाही का?"

कलावतीकाकूंना हे काम सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. आयुष्यभर तोंडी केलेलं काम प्रथमच लेखी करायची संधी आली होती. "तू काळजीच करू नकोस," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी मनापासून तक्रार केली. इतकी मनापासून, की साचलेल्या पाण्यापाशी ती थांबली नाही. त्यात सकाळच्या मिक्सरचा आवाज आला, फोडणीचा खाट आला, पायलच्या तीनचाकी सायकलची घंटा आली. "नुसतं पाणी लिहिलं तर खोटं वाटतं गं," त्यांनी नंतर समजावलं.

मासे आले. प्लास्टिकच्या पिशवीतून, सरकारी इतमामाने. गप्पी म्हणजे अगदी बारीक, करडे, पण पाण्यात सोडल्यावर धाकूशेठच्या गॉगलवरून सुर्रकन गेले आणि मिशीपाशी थबकले तेव्हा पायल खदखदून हसली. हसताना तोंड उघडतंच. रसिकाने घास आत सारला. पायलने तो गिळला. मग दुसरा घास. मग पायल स्वतःच म्हणाली, "एक घास चिऊचा, एक घास काऊचा, एक घास शेटचा." आणि शेटचा घास तिने आधी पाण्याला दाखवला, मग स्वतः खाल्ला.

वरून आवाज आला, "जेवली का गं?"

"जेवली!" रसिका ओरडली. तिचा आवाज इतका चढला की समोरच्या बिल्डिंगमधले आजोबा शर्ट घालायला आत गेले.

काकू तडक खाली आल्या. पायल मोबाइलशिवाय जेवते हे त्यांनी मोबाइलवर टिपलं आणि स्टेटसला ठेवलं. तिथून ते कोणी उचललं, त्याने कोणाला पाठवलं, हे शोधणं आता शक्य नाही.

*

इकडे तक्रारीची एक प्रत नियमाप्रमाणे सोसायटीलाही आली होती. सोसायटीचे सेक्रेटरी पोंक्षेकाका. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या हाताला एवढा जाड कागद लागला नव्हता.

"वहिनी, मी तुमच्या भावना समजू शकतो," ते दारात उभं राहून म्हणाले, "परंतु उपविधींमध्ये तलावाची तरतूद नाही. टाकीची आहे. खड्ड्याची, दुरुस्तीपुरती, आहे."

"काका, ती तक्रार मीच करायला सांगितली होती."

"स्वतःविरुद्ध?"

"माशांसाठी."

पोंक्षेकाकांनी चष्मा काढून पुसला. "हे सभेपुढे ठेवावं लागेल."

सभेत सगळे होते. ईशान्य सांगणारे होते, खोली वाढवायला सांगणारे होते. "मी तेव्हाच म्हटलं होतं," असं प्रत्येकजण म्हणाला. कलावतीकाकू एकट्या तळ्याच्या बाजूने बोलायला उठल्या, तेव्हा पोंक्षेकाकांनी त्यांचीच तक्रार मोठ्याने वाचून दाखवली. फोडणीच्या खाटापर्यंत आल्यावर काकू खाली बसल्या. ठरलं. येत्या रविवारी तळं बुजवायचं. माती विकत आणायचीही गरज नव्हती. गोण्या भिंतीला टेकून तयारच होत्या.

त्या आठवड्यात पायल रोज दोन्ही वेळा जेवली. गाजर खाल्लं, दोडका खाल्ला, एकदा तर कारल्याची चकती शेटला दाखवून खाल्ली. रसिका तिला भरवत होती आणि मध्येच तोंड फिरवून डोळे पुसत होती. शनिवारी सुदेश ऑफिसमधून आला, काठावर बसला आणि म्हणाला, "आपण मासे बादलीत ठेवूया."

"बादलीत ती जेवेल?"

सुदेश 'करूया की' म्हणाला नाही. तो नुसताच पाण्यात बघत राहिला. कमळाचं पहिलं पान नुकतंच वर येऊन धाकूशेठच्या कपाळावर टेकलं होतं.

रविवारी सकाळी पोंक्षेकाका दोन गडी घेऊन आले. पायल सासूबाईंच्या मांडीवर बसून शिरा खात होती. गड्याने पहिली गोणी उचलून काठावर आणली, तोंड सोडलं, आणि तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकली थांबल्या. चारपाच जण आत आले. पांढरे शर्ट, कपाळाला टिळा. सगळ्यांत पुढच्याने मोबाइल वर धरला होता. त्यावर पायल भात खात होती.

"हे कोनाचं घर? शेठला पान्यात कोनी टाकलं?"

पोंक्षेकाका गोणीआड सरकले.

"अहो, तो वाऱ्याने…" रसिकाने सुरुवात केली.

"वाऱ्यानं पान्यात भरला? वाऱ्यानं मासं सोडलं?" तो पुढे आला, खाली वाकला, आणि त्याचा आवाज फाटला. "आनि माझं तोंड इटंखाली?"

खरंच होतं. शुभेच्छुकांच्या रांगेतला त्याचा फोटो विटेखालून फक्त एका कानाने बाहेर डोकावत होता. सुदेशने घाईघाईने वीट सरकवली. त्याने आणखी एकजण उघडा पडला, तोही त्याच घोळक्यात होता. त्याचा चेहरा तर पार शेवाळलेला.

"आता बघाच," पहिला म्हणाला, "इलेक्शन तोंडावर आलंय, आनि तुमी शेठला बुडवताय?"

तेव्हा मंजुळाबाई बोलल्या. पायलच्या तोंडात शिऱ्याचा घास घालत, मान वर न करता.

"बुडवतोय कशाला रे बाबांनो? पाण्यात ठेवलंय."

"म्हंजे?"

"तुमच्या घरात कोणी बाईमाणूस आहे की नाही? घरावर काही बाका प्रसंग आला की देव पाण्यात ठेवतात. मनासारखं होईतो बाहेर काढत नाहीत. माझा सुदेश बारावीला होता तेव्हा आमचा गणपती महिनाभर तांब्यात होता." त्यांनी पायलचं तोंड पुसलं. "यंदा तुमच्या शेठला तिकीट मिळायला हवं की नको?"

कार्यकर्ते एकमेकांकडे बघायला लागले. तिकिटाचा विषय त्यांच्या काळजातला होता. गेली कित्येक वर्षं शेठसाठी होर्डिंग लागली, ढोल वाजले, रक्तदान झालं, पण कोणीही शेठला पाण्यात ठेवलं नव्हतं. पुढच्याने हळूच चपला काढल्या.

"आजी," तो म्हणाला, "आमच्या डोक्यातच नाय आलं." मग त्याची नजर काठावरच्या गोणीवर पडली. "आनि ही माती कसली? कोन बुजवतंय? शेठ आत असताना?"

सगळ्यांच्या नजरा फिरल्या. पोंक्षेकाका गोणीआडून उभे राहिले. सरकारी नोकरीत काढलेली सगळी वर्षं त्या एका क्षणी त्यांच्या कामाला आली.

"छे छे! बुजवतंय कोण? कमळाला," ते म्हणाले, "कमळाला माती लागते. सोसायटीतर्फे."

*

त्यानंतर तळ्याला भाव चढला. सोमवारी काठाला झेंडूची माळ आली. मंगळवारी कोणीतरी उदबत्ती लावून गेलं. पोंक्षेकाकांनी 'जलसाठा क्षेत्र, स्वच्छता राखा' अशी पाटी लावून घेतली. एक बाई नवऱ्याच्या बढतीसाठी त्याचा पासपोर्ट फोटो टाकायला आल्या होत्या. त्यांना सासूबाईंनी, इथे एका वेळी एकच, असं सांगून परत पाठवलं. फोडणीचा खाट वर जाताच काकू आता "छान वास सुटलाय हो!" असं मुद्दाम ओरडायच्या. रसिकाला हे सगळं जरा जास्तच होत होतं, पण पायल जेवत होती. त्यापुढे झेंडू काय आणि उदबत्ती काय.

आणि मग, ज्याचा विचार कोणीच केला नव्हता ते झालं. धाकूशेठना तिकीट मिळालं.

दुपारीच ढोल वाजायला लागले. ढोल जवळ येत गेले तसं रसिकाला कळून चुकलं, की मनासारखं झालं की देव पाण्यातून बाहेर काढतात. वाजतगाजत काढतात. बॅनर निघाला की पाणी जाणार, मासे जाणार, कमळ जाणार. त्याला त्याच दिवशी कळी दिसली होती. तिने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी मान खाली घालून तांदूळ निवडायला घेतले.

फाटकातून गुलालाने माखलेला घोळका आत आला आणि त्याच्या मधोमध खुद्द धाकूशेठ. गॉगल तोच, मिशा त्याच, गळ्यात हार. पायल काठावर वाटी घेऊन बसली होती. तिने शेठकडे बघितलं. मग पाण्यात बघितलं. मग परत शेठकडे.

"शेट," ती म्हणाली, "आंघोळ झाली?"

ढोलवाला थांबला. शेठने गॉगल काढला.

"झाली गो बाय," ते म्हणाले, आणि गुडघ्यावर हात टेकत तिच्या शेजारी बसले. पायलने चमच्यात वरणभात घेतला. "एक घास शेटचा," म्हणाली, आणि या वेळी पाण्याला न दाखवता सरळ मिशीखाली नेला. शेठने तोंड उघडलं. मोबाइल न दाखवता.

"चला, काढा शेठला भाईर!" मागून कोणीतरी ओरडलं. दोघांनी विटांना हात घातला.

"थांबा!" हा आवाज रसिकाचा होता. एवढ्या लोकांसमोर ती आयुष्यात कधी बोलली नव्हती. "शेठ, तुम्हाला बाहेर काढलं तर ही जेवायची नाही. एवढंच. बाकी आमचं काहीही म्हणणं नाही." आणि तिला रडू यायला लागलं, म्हणून तिने पायलच्या हातातली वाटी उगीचच नीट केली.

शेठ पाण्यात बघत राहिले. एक मासा त्यांच्या छापील साखळीवरून गेला.

"हितं तलं होतं गो आमचं," ते म्हणाले. "ह्याच जागंव. तुमची बिल्डिंग हाय ना, ती मधोमध. मी पवायला हितंच शिकलो. मंग भरलं. भरायला माती आमच्याच ट्रकानं आली." त्यांनी मिशीला लागलेलं वरण पुसलं. "आख्ख्या डोंबिवलीत जो तो तलीं बुजवतंय. तुमीच पयले, खनलेत."

मागे पोंक्षेकाकांना खोकला आला.

"अरे, हात काढा इटांवरचं!" शेठ गरजले. "तिकीट म्हंजे काय निवडून आलो? ऱ्हाऊं द्या मला पान्यात."

मग ढोल परत सुरू झाले, पेढे वाटले गेले, आणि सगळ्या अंगणात मोबाइल वर झाले. मोबाइलशिवाय जेवणारी मुलगी बघायला तेव्हा तिथे इतके मोबाइल जमले होते, की सुदेशला काठावर जायला वाट मिळेना.

धाकूशेठ पडले. थोडक्यात पडले असं त्यांचे लोक म्हणतात. निकालाच्या संध्याकाळी ते एकटेच येऊन काठावर बसले, चहा प्यायले, माशांना थोडे मुरमुरे घातले आणि पायलला म्हणाले, "आता पुढच्या टायमाला." पायल पोळीचा तुकडा चावत होती. तिने मान डोलावली. कमळ त्याच सकाळी उमललं होतं, नेमकं गॉगलच्या वर, आणि त्याच्या पानांमधून बॅनरवरचे दोनच शब्द स्वच्छ दिसत होते. त्यातलं एक अक्षरही बदलायची गरज पडली नव्हती.

भावी नगरसेवक.

वरून आवाज आला, "जेवली का गं?"

रसिकाने उत्तर दिलं नाही. तिच्या मांडीवर तिचं स्वतःचं ताट होतं, आमटी अजून वाफाळत होती, दोन्ही हात मोकळे होते, आणि तोंडात घास होता.